वरचं माझं, खालचं ह्यांचं

११ जानेवारी

निवृत्त झाले तेव्हा ठरवलं होतं, आता कशाचीही नोंद ठेवायची नाही. चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं. हजेरी, सुयांची मोजदाद, कोणाचा रुमाल पुरा, कोणाचा अपुरा, हे सगळं लिहून लिहून बोटाला घट्टा पडला. पण आज जे घडलं ते कोणाला तरी सांगायलाच हवं, आणि घरात सांगण्यासारखा जो एकच माणूस आहे तोच आरोपी आहे. म्हणून ही वही.

हे दाढीची ब्लेडं आणायला बाहेर पडले आणि कुत्र्याचं पिल्लू घेऊन परत आले.

"ब्लेडं कुठायत?" मी विचारलं.

"राहिली," हे म्हणाले.

तीन महिन्यांचं आहे, ल्हासा जातीचं. पांढरं, कानांवर मधाचा रंग. आल्या आल्या माझ्या सपातेवर ठाण मांडून बसलं. मी म्हटलं, उद्या सकाळी परत. हे खुर्चीत बसले, पिल्लू मांडीवर घेतलं आणि त्याच्याशी बोलायला लागले. हळू आवाजात, चांगला अर्धा तास. निवृत्तीनंतरच्या तीन वर्षांत ह्यांनी माझ्यावर "हो", "नाही" आणि "चहा" यापलीकडे शब्द खर्च केलेला नाही. मी दाराआड उभी राहून ऐकलं. नकाशांबद्दल सांगत होते. जन्मभर नकाशांच्या कचेरीत रेषा काढल्या, त्यातलं अवाक्षर मला कधी सांगितलं नाही, आणि त्या जनावराला डोंगर कागदावर कसा उतरवतात ते समजावत होते.

पिल्लू उद्या जाणार नाही. परवा बघू.

१४ जानेवारी

ह्यांनी पिल्लासोबत कुठल्याशा कागदावर सही केली आहे असं काल कळलं. वाचायची तसदी अर्थातच घेतली नव्हती. म्हणून आज मीच, ज्यांच्याकडून ह्यांनी पिल्लू आणलं त्या बाईंकडे जाऊन आले. त्या घरीच कुत्र्यांची पैदास करतात. रेशमी गाऊन घालून दार उघडलं, आणि चार कुत्री पायाशी. मी मनातल्या मनात त्यांचं नाव राणीसाहेब ठेवलं.

कागदावर लिहिलंय: केस रोज विंचरायचे. वर्षभर कात्री किंवा मशीन लावायचं नाही. पिल्लू दहा महिन्यांचं झालं की राणीसाहेब स्वतः बघायला येणार. केस भादरलेले दिसले तर पिल्लू परत घेणार.

"आणि नाही जमलं तर?" मी विचारलं.

"तर मला आणून द्या. त्याची वाट लावू नका."

केसांबद्दल मला कोणी शिकवू नये. आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर रोज सकाळी फुटपट्टी घेऊन भांग तपासायच्या. भांग वाकडा असेल तर सगळ्यांसमोर वेणी सोडून पुन्हा घालायला लावायच्या. मी सहा वर्षांत एकदाही वेणी सोडली नाही.

घरी येऊन ह्यांना समोर बसवलं. कामाची वाटणी केली. पाठ, डोकं, शेपूट आणि कानांची बाहेरची बाजू माझी. छाती, पोट, काखा आणि पायांची आतली बाजू ह्यांची, कारण पिल्लू उताणं फक्त ह्यांच्या मांडीवर पडतं. माझ्याकडे मासळीसारखं सुळसुळतं. दुसऱ्या एका वहीत दोन रकाने आखले, वरचं आणि खालचं. ज्यानं त्यानं रोज आपापल्या रकान्यात सही करायची.

"आणि एक ऐकून ठेवा," मी म्हटलं. "तुमचं अर्धवट काम मी पुरं करणार नाही. आयुष्यभर केलं. मोरीच्या दाराला तुम्ही एका बाजूनं रंग दिलात, दुसरी बाजू मी दिली. फळी तुम्ही टेकवलीत, खिळे मी ठोकले. आता नाही. एक दिवस जरी चुकला तरी पिल्लू राणीसाहेबांकडे."

"बरं," हे म्हणाले. आणि पिल्लाकडे बघून, "ऐकलंस ना रे."

२ फेब्रुवारी

नाव ठेवलं: गोंडा. मीच ठेवलं. शालीच्या टोकाला लोंबतो तसाच दिसतो, आणि ह्यांच्याभोवती दिवसभर तेच करतो.

विंचरण्याची पद्धत पक्की केली आहे. वरवर ब्रश फिरवणं म्हणजे फसवणूक. केसांत भांग पाडायचा, एकावेळी बोटभर रुंदीचा पट्टा घ्यायचा, थोडं पाणी शिंपडायचं, मुळापासून टोकापर्यंत आधी ब्रश आणि मग स्टीलचा कंगवा. कंगवा अडला नाही म्हणजे पट्टा पास. मग पुढचा. ह्यांना दोनदा करून दाखवलं.

"कळलं?"

"कळलं. रेषेरेषेनं जायचं."

"अगदी तसंच."

ह्यांची सही बघून अजूनही बरं वाटतं. मोठी, डौलदार, शेवटच्या अक्षराखाली एक रेघ, पट्टी न लावता सरळ. लग्नाच्या आधी पत्रावर हीच सही बघून मी हो म्हटलं होतं. पत्रात काही नव्हतं, हवामान होतं.

१९ मार्च

आज ह्यांच्या हातून कंगवा चार वेळा पडला. फरशीवर स्टील पडल्याचा आवाज माझ्या दातांत जातो. वर्गातल्या वेंधळ्या मुलींच्या कात्र्या मी रिबिनीनं त्यांच्या गळ्यात बांधायचे. आज तशीच रिबीन कंगव्याला बांधली आणि ह्यांच्या गळ्यात घातली.

"पदक मिळालं," हे गोंडाला म्हणाले.

शेजारच्या बाई नेमक्या त्याच वेळी आल्या आणि हसल्या. हे हसले नाहीत. स्वतःच विनोद करायचा आणि स्वतःच ढिम्म बसायचं.

६ एप्रिल

ह्यांनी शर्ट घालणं सोडलंय. दिवसभर ते गळ्यातून घालायचे बिनबटणांचे टीशर्ट. लेकीनं दिलेले सहा शर्ट घडी न मोडता कपाटात आहेत. विचारलं तर म्हणे, "हे सुटसुटीत आहेत." कचेरीत असताना मनगटाची बटणंसुद्धा लावून जाणारा माणूस. निवृत्ती म्हणजे गबाळेपणाचा परवाना वाटतो पुरुषांना.

गोंडा मात्र दिवसेंदिवस देखणा होतोय. पाठीवरचे केस दोन्ही बाजूंना पडद्यासारखे पडतात. मधला भांग आज फुटपट्टी लावून पाहिला. सरळ.

२४ एप्रिल

सही.

गेले काही आठवडे बघतेय, ह्यांची सही लहान लहान होत चालली आहे. आज तर चक्क मुंगी. खालची रेघही गायब. मी म्हटलं, "शाई वाचवताय का?"

"रकाना लहान आहे."

"रकाना जानेवारीपासून तेवढाच आहे."

मी लाल पेनानं शेजारी रिमार्क लिहिला: अक्षर सुधारावे. सवय जात नाही. मग खाली पुन्हा सही करायला लावली. पहिली दोन अक्षरं थोडी मोठी आली, पुढची पुन्हा मुंग्या.

१३ मे

गोंडाच्या डाव्या कानाला वास येत होता. दारातून आत पाऊल टाकलं तर मला आला, आणि हे महाशय तासभर त्याला छातीशी घेऊन बसले होते.

"तुम्हाला वास येत नाही?"

"कसला?"

नाक माणसाला शोभेसाठी दिलेलं असतं असं ह्यांचं मत असावं. गेल्या आठवड्यात दूध करपून पातेलं काळं झालं तेव्हाही हे शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते.

प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तरुण आहे, हात चांगले आहेत, मला "आजी" म्हणाली तेवढं सोडून. कानात थेंब दिले. वर म्हणाली, "आता सात-आठ महिन्यांचा होतोय ना, केस बदलतील. पिल्लाचे मऊ केस गळून मोठ्या कुत्र्याचे येतात, पण गळलेले खाली पडत नाहीत, आतच अडकतात. दोन-तीन महिने फार गुंता होतो. बरेच लोक सरळ बारीक कापून टाकतात."

"आम्ही बरेच लोक नाही," मी म्हटलं. "आणि आमचा तसा करार आहे."

हे काहीतरी पुटपुटले. हल्ली असंच बोलतात, ओठांतल्या ओठांत. तिनं दोनदा "काय म्हणालात आजोबा?" विचारलं. मला शरम वाटली. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय म्हणत होतात. म्हणाले, "काही नाही."

१ जून

लेकीचा फोन. तिला गोंडाचे फोटो हवे असतात, आईबापाचे नाही. म्हणाली, "आई, बाबा फोनवर इतके हळू का बोलतात?"

"कारण त्यांना बोलायचंच नसतं."

"बरे आहेत ना?"

"खातात, झोपतात, कुत्रा मांडीवर घेऊन बसतात. संस्थानिकाला याहून जास्त काय लागतं?"

२२ जून

डॉक्टरीण म्हणाली ते खरं. माझ्या भागाला आता वीस मिनिटांऐवजी पाऊण तास लागतो. पाठीवर वाटाण्याएवढ्या गाठी येतात. प्रत्येक गाठ बोटांनी पिंजायची, मग कंगव्याच्या टोकानं सोडवायची, ओढायची नाही. माझी मान अवघडते. पण एक गाठ मी मागे ठेवत नाही.

ह्यांचं काम माझ्या आधी आटोपलेलं असतं. विचारलं तर "झालं". वहीत मुंगी.

आज हे फिरायला गेले तेव्हा मी खिडकीतून बघत होते. गोंडा पुढे, हे मागे, चपला फरफटत. डाव्या हातात पट्टा. उजवा हात अंगाला चिकटलेला, जरासुद्धा हलत नाही, जणू काखेत थर्मामीटर धरलाय. आम्हाला शाळेत डोक्यावर पुस्तक ठेवून चालायला शिकवायचे. ह्या माणसाला दोन पायांवर चालायला कोणी शिकवलं कोण जाणे.

९ जुलै

आज चोरून पाहिलं. मला पाहायचं होतं की खालचं इतक्या लवकर होतं कसं.

हे खुर्चीत. गोंडा मांडीवर उताणा. गळ्यात रिबीन, रिबिनीला कंगवा, कंगवा लोंबतोय. आणि ह्यांचा उजवा हात गोंडाच्या पोटाच्या केसांत मनगटापर्यंत बुडालेला. नुसता ठेवलेला. दहा मिनिटं घड्याळ लावून पाहिली. हात जागचा हलला नाही. हे त्याच्याशी बोलत होते, तो ऐकत होता. मग उठून वहीत सही केली.

मी आत जाऊन ओरडणार होते. गोंडाला उताणा करून पोट बघणार होते. चौतीस वर्षं मी दुसरं केलं काय? मुलगी भरतकाम आणून ठेवायची, मी आधी कापड उलटं करायचे. वरून फुलं सगळ्याच काढतात. खालचे धागे बघितले की कळतं कोण कष्टाळू आहे आणि कोण नुसती शहाणी. किती जणींना त्या खालच्या बाजूवरून रडवलं असेल.

पण पाहिलं नाही. एकदा पाहिलं की हातात कंगवा घ्यावा लागेल, आणि एकदा घेतला की उरलेल्या जन्माचं खालचंही माझंच. मोरीच्या दाराचं झालं ते पुरे. सही ह्यांची आहे, जबाबदारी ह्यांची.

२७ जुलै

गोंडा मला चावायला आला. मी फक्त छातीखाली हात घालून त्याला पलंगावर उचलत होते. दात लागले नाहीत, पण नाक मुरडून गुरगुरला. लाडावून ठेवलाय. ह्यांना म्हटलं, "तुमच्या दिवट्याला शिस्त लावा." हे त्याला घेऊन आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. ह्यांना मी आवाज चढवला तरी चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. पूर्वी निदान चिडायचे.

राणीसाहेबांचा फोन आला होता. अठरा तारखेला येणार आहेत.

१७ ऑगस्ट

लिहिताना पेन कागद फाडतंय, रागानं.

उद्या त्या येणार म्हणून आज सकाळी गोंडाला आंघोळ घातली. मीच. कोमट पाणी, शाम्पू, दोनदा. चांगलं चोळून घातली, कारण मला अर्धवट काम येत नाही. मग टॉवेलनं खसाखसा पुसला. वाळवून विंचरायला घेतला तर वरचे केस रेशमासारखे. सहज बोटं खाली गेली आणि अडली. केसांमध्ये नाही अडली. कापडावर अडली.

उताणा करायला गेले तर किंचाळला. पुढच्या पायांच्या मध्ये, काखांत, सगळ्या पोटावर एकच एक पत्रा. लोकर गरम पाण्यात चोळली की तिचा फेल्ट, म्हणजे नमदा, होतो, हे मी मुलींना चौतीस वर्षं फळ्यावर लिहून दिलं. आज स्वतःच्या मोरीत करून दाखवलं. सुटी सुटी जट असती तर कदाचित सुटली असती. माझ्या आंघोळीनं तिचा घट्ट नमदा झाला.

दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी मशीन घातलं. नमदा एका तुकड्यात निघाला, लहान मुलाच्या बंडीएवढा. त्यात दोन काखांची दोन भोकंसुद्धा होती. खालची कातडी लाल, काखेत दोन ठिकाणी पाणी सुटलेलं. ह्याला पाऊल टाकताना रोज ओढ बसत असणार, ती म्हणाली. बरेच आठवडे. मग माझ्याकडे बघून विचारलं, "आजी, खालून कोणी बघत नव्हतं का?"

मला विचारते, खालून कोणी बघत नव्हतं का.

मग तिनं वरचेही कापले. एकाच बाजूचे ठेवून चालत नाही म्हणे. माझी पाठ, माझा भांग, सगळं फरशीवर. गोंडा उंदरासारखा दिसतो.

बाहेर बाकावर बसून मी ह्यांना विचारलं, "सही रोज केलीत ना?"

"हो."

"मग?"

"जमत नव्हतं."

"जमत नव्हतं म्हणजे काय? कंगवा आहे, डोंगर नाही. जमत नव्हतं तर बोलायला तोंड नव्हतं?"

हे गोंडाकडे बघत बसले. मी म्हटलं, आळशी माणूस मी सहन केला, खोटारडा करणार नाही. जनावराच्या कातडीवर खोट्या सह्या. हे एवढंच म्हणाले, "त्याला लागलंय. आधी घरी जाऊ."

१८ ऑगस्ट

राणीसाहेबांना यायची गरज पडली नाही. मीच गोंडाला नेऊन दिला. शब्द म्हणजे शब्द. ह्यांनी थेंबांची बाटली, मलम आणि वाटी पिशवीत भरली. पिशवीची गाठ काही केल्या मारेनात, मीच हिसकावून मारली. दारापर्यंत आले. गोंडा मागे वळून बघत होता. हे आत गेले.

राणीसाहेब म्हणाल्या, "बरं, ठेवून जा." मी काही सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. अशा वेळी मान ताठ ठेवून बाहेर पडावं हे मला लहानपणापासून येतं.

३० ऑगस्ट

घर स्वच्छ आहे. कुठे केस नाहीत.

हे रिकाम्या मांडीवर हात ठेवून बसतात आणि उजव्या हाताचा अंगठा बोटांवर घासत राहतात. तासन्‌तास, जणू जपमाळ ओढतायत. मला चिडवायला. आज न राहवून म्हटलं, "ते थांबवा." ह्यांनी डाव्या हातानं उजवा हात धरून ठेवला. थोड्या वेळानं बघते तर दोन्ही हात हलतायत.

सह्यांच्या वहीचं काम संपलं आहे. ही तरी कशाला लिहितेय कळत नाही.

२१ सप्टेंबर

लेक आली. दीड वर्षानं. मी दार उघडलं, हे खुर्चीतून उठून पुढे आले, आणि ती बॅग हातात घेऊन दारातच उभी राहिली.

"बाबा, असे का चालताय?"

"कसा?"

ती माझ्याकडे वळली. "आई, हे कधीपासून?"

"काय कधीपासून?" मी विचारलं. खरंच विचारलं.

२९ सप्टेंबर

मेंदूच्या डॉक्टरांनी ह्यांना बोटं आपटायला लावली, चालायला लावलं, एक वाक्य पाच वेळा लिहायला लावलं. पहिली ओळ मोठी, पाचवी मुंगी. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. मी मात्र त्याकडेच बघत राहिले.

कंपवात. औषधानं हालचाल सुधारेल, बरा होणार नाही.

"वास येणं कधी कमी झालं?" डॉक्टरांनी विचारलं. "चेहरा असा कधीपासून? बटणं? आवाज?"

हे म्हणाले, "आठवत नाही." मला तारखा आठवत होत्या. सहा एप्रिल बटणं. चोवीस एप्रिल अक्षर. तेरा मे नाक. एवढ्या बारकाईनं नोंद कुठल्या नर्सनंही ठेवली नसती. मी डॉक्टरांना एकेक तारीख सांगितली. त्यांनी लिहून घेतली आणि म्हणाले, "तुमचं लक्ष चांगलं होतं." लेकीनं माझ्याकडे बघितलं नाही.

घरी आल्यावर विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं."

"हाताचं ठाऊक होतं. नाव ठाऊक नव्हतं."

"कधीपासून?"

"शेवटच्या वर्षी कचेरीत बारीक रेषा कधीमधी हलायला लागली. मग निवृत्त झालो, रेषा काढायच्याच नव्हत्या. तेव्हा सांगण्यासारखं काही नव्हतं. मग गोंडा आला." थांबले. हल्ली वाक्याच्या मध्येच थांबतात. "मग सांगता येईना. तू वाटणी केली होतीस."

मांडीवर तो असला, त्याच्या केसांत हात घातला, की हात गप्प राहायचा म्हणाले.

मी आत जाऊन भांडी घासली. घासलेलीच होती.

१२ ऑक्टोबर

आज राणीसाहेबांकडे गेले. कोणाला सांगून गेले नाही. वाटेत काय बोलायचं ते तीनदा घोकलं. वरचं आणि खालचं दोन्ही मी करीन, दिवसातून दोनदा करीन, रोज येऊन दाखवीन. गुडघे टेकायला लागले असते तरी टेकले असते, गुडघे बोंबलले असते इतकंच.

गोंडा तिथे नव्हता. सप्टेंबरातच एका कुटुंबाला दिला. राणीसाहेबांनी फोनवर फोटो दाखवला. एका लहान मुलीच्या मांडीवर आहे. केस बोटाच्या पेराएवढे, सगळीकडे सारखे. डोळे दिसतायत. मला त्याचे डोळे एवढे मोठे असल्याचं माहीत नव्हतं.

"अजून वाढले नाहीत," मी म्हटलं.

"वाढले होते. त्यांनी परत कापले. दर दोन महिन्यांनी कापणार आहेत."

"पण तुमचा कागद."

"तो होय." त्या हसल्या. चांगल्या हसल्या, तेच वाईट झालं. "तो मी सगळ्यांकडून घेते हो ताई. नाहीतर लोक पहिल्या आठवड्यात कंगवा कुठेतरी टाकून देतात. कोणी फोन करून म्हणालं, नाही जमत, की मीच सांगते, कापा, कुत्रा काय केसांवर जगतो? तुम्ही एकदा म्हणाला असतात तरी चाललं असतं."

"तुम्ही म्हणाला होतात, आणून द्या."

"म्हटलं होतं. पण कोणी आणत नाही. तुम्हीच पहिल्या."

मी विचारलं, त्या लोकांना विचारून बघाल का. त्या म्हणाल्या, ताई, ती मुलगी त्याला सोडून शाळेतसुद्धा जात नाही. मग चहा विचारला. मी घेतला.

घरी आले तर हे दारातच उभे. मी कुठे गेले होते ते ह्यांना कळलं होतं. चपला काढेपर्यंतही धीर नव्हता.

"भेटला?"

खोटं बोलायचं ठरवून आले होते. तोंडातून खरं आलं. दिला म्हणून सांगितलं. मुलीचं सांगितलं. केसांचं सांगितलं, कागदाचंही सांगितलं, तो सगळ्यांकडून घेतात आणि कोणी पाळत नाही हे.

हे खुर्चीत बसले. बसायला वेळ लागला. मी हात पुढे केला नाही, ह्यांना आवडत नाही.

"बारीक कापलेत," हे म्हणाले.

"हो."

"बरा दिसतो?"

"बरा दिसतो. डोळे दिसतात."

ह्यांनी मान हलवली. उजवा हात मांडीवर नाचत होता, ह्यांनी धरला नाही, मी थांबवा म्हटलं नाही.

"आपल्याला कळलंच नाही," हे म्हणाले.

आपल्याला म्हणाले. आयुष्यभर मी ह्या माणसाचं प्रत्येक वाक्य दुरुस्त केलं. हे एक केलं नाही.